वर्गाचे नियम आणि देशाची घटना

१/
अमेरिकेत शाळेचे नवे वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते. अकरावी-बारावीच्या 'अमेरिकेचा इतिहास' किंवा 'शासनव्यवस्था' या तासाला बहुधा पाठ्यपुस्तकाआधीच एक कागद हाती पडतो. वेळेवर या, हात वर करून बोला, फोन बाजूला ठेवा, गृहपाठाला उशीर झाल्यास गुण कापले जातील. खाली विद्यार्थ्याची सही, पालकांची सही.

२/
काही आठवड्यांनी तोच शिक्षक त्याच मुलांना शिकवतो की सरकारची सत्ता अमर्याद नसते. सरकारी शाळेतला शिक्षक मात्र कायद्याच्या दृष्टीने स्वतःच सरकारचे एक अंग असतो. मग त्याच्या नियमांची हद्द कोणती? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यात मोठा वाटा शाळकरी मुलांचा आहे.

३/
प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकेच्या घटनेत 'शिक्षण' हा शब्दच नाही. संघराज्याला न दिलेले अधिकार १०व्या घटनादुरुस्तीने राज्यांकडे व लोकांकडे राहतात. म्हणून शाळा हा राज्यांचा विषय, आणि रोजचा कारभार स्थानिक शाळा मंडळांचा. माध्यमिक शाळांत नागरिकशास्त्राला जे रूप आले, त्यामागे १९१६ सालच्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या समितीचा अहवाल होता. बारावीसाठी त्याने 'लोकशाहीच्या समस्या' हा विषय सुचवला.

४/
त्याच वर्षी जॉन ड्यूई यांचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ड्यूई तेव्हा कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते आणि भीमराव आंबेडकर तेथे त्यांचे विद्यार्थी होते. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा गुरूचा विचार शिष्याने पुढे जातिव्यवस्थेच्या चिकित्सेत वापरला. ही रीत शाळेतही लागू होते का, याची कसोटी अमेरिकेत लवकरच लागणार होती.

५/
निमित्त ठरली ध्वजप्रतिज्ञा. फ्रान्सिस बेलामी यांनी ती १८९२ मध्ये लिहिली आणि यथावकाश ती शाळेच्या सकाळचा भाग झाली. १९३५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील माइनर्सव्हिल गावी लिलियन आणि विल्यम गोबायटस या बहीणभावाने ध्वजवंदनास नकार दिला. वये १२ आणि १०. कुटुंब यहोवाच्या साक्षीदारांचे. ध्वजाला वंदन म्हणजे मूर्तिपूजा, ही त्यांची श्रद्धा. दोघांना शाळेतून काढण्यात आले.

६/
३ जून १९४० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी शाळेच्या बाजूने कौल दिला. निकाल लिहिला न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. राष्ट्रीय ऐक्याची भावना रुजवण्याचा मार्ग कोणता, हे न्यायाधीशांनी ठरवू नये, असा त्यांचा युक्तिवाद. एकटे हार्लन स्टोन विरोधात राहिले. युरोपात फ्रान्स कोसळत होता, देशात देशद्रोह्यांचा संशय पसरला होता. निकालानंतर ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांवर जमावांनी हल्ले केले. मेन राज्यातील केनेबंक येथे त्यांचे प्रार्थनागृह जाळण्यात आले.

७/
जानेवारी १९४२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षण मंडळाने ध्वजवंदन सक्तीचे केले. नकार देणाऱ्या मुलाला काढून टाकायचे, मग तेच मूल 'बेकायदा गैरहजर' ठरायचे आणि आईवडिलांवर खटला: ५० डॉलरपर्यंत दंड, ३० दिवसांपर्यंत कैद. मेरी आणि गॅथी बार्नेट या लहान बहिणींना शाळेतून घरी पाठवण्यात आले. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

८/
१४ जून १९४३. ऐन महायुद्धात, नेमक्या ध्वजदिनी, न्यायालयाने अवघ्या तीन वर्षांपूर्वीचा आपलाच निकाल ६ विरुद्ध ३ मतांनी फिरवला. ब्लॅक, डग्लस आणि मर्फी या तीन न्यायमूर्तींनी आपले मत बदलले होते. निकालपत्र रॉबर्ट जॅक्सन यांचे. त्यांचा एक मुद्दा प्रत्येक नागरिकशास्त्र शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. शाळा मुलांना नागरिकत्वासाठी घडवते, म्हणूनच तिने घटनेची बंधने अधिक काटेकोरपणे पाळली पाहिजेत. नाहीतर घटनेची तत्त्वे म्हणजे निव्वळ पोकळ शब्द, हाच धडा मुले घेतील.

९/
पुढचा अध्याय आयोवातील डे मॉइन येथला. डिसेंबर १९६५. व्हिएतनाममधील दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी शोक आणि नाताळच्या युद्धविरामाला पाठिंबा म्हणून काही मुलांनी दंडाला काळी फीत बांधायचे ठरवले. काळ्या फिती लावून निषेध नोंदवण्याची रीत मराठी वाचकाला नवी नाही. मुख्याध्यापकांना कुणकुण लागली आणि १४ डिसेंबरला त्यांनी तातडीने नियम केला: सांगूनही फीत काढली नाही तर निलंबन.

१०/
१६ डिसेंबरला १३ वर्षांची मेरी बेथ टिंकर फीत बांधून शाळेत गेली. गणिताच्या शिक्षकांनी तिला कार्यालयात पाठवले. सांगितल्यावर तिने फीत काढूनही ठेवली. निलंबन टळले नाही. तिचा भाऊ जॉन आणि ख्रिस्तोफर एकहार्ट यांच्यावरही तीच कारवाई झाली. टिंकर कुटुंबाच्या घरावर लाल रंग फेकण्यात आला.

११/
२४ फेब्रुवारी १९६९ रोजी न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती एब फोर्टस यांनी तपशील तपासले. त्या शाळांत सुमारे १८,००० विद्यार्थी होते; निलंबित झाले पाच. निवडणूक प्रचाराचे बिल्ले शाळेला चालत होते. बंदी फक्त या एका फितीवर होती. हक्क शाळेच्या फाटकाबाहेर काढून ठेवायचे नसतात. शिक्षणात खरोखर मोठा व्यत्यय येत असेल, किंवा तसे मानायला सबळ आधार असेल, तरच शाळेला मनाई करता येते. नुसती अस्वस्थता हे कारण पुरेसे नाही.

१२/
विरोधी मत देणाऱ्यांत होते ह्युगो ब्लॅक, १९४३ साली मुलांच्या बाजूने उभे राहिलेले तेच. आता वय ८२. मेरी बेथशी झालेल्या वादात गणिताचा तास जवळजवळ वाया गेला, याकडे त्यांनी बोट दाखवले. शाळेचा ताबा मुलांच्या हाती जाईल, ही त्यांची भीती. बोलणे आणि गप्प राहण्याचा हक्क वेगळे, आणि कोणाचाही तास मोडणे वेगळे, ही रेषा कोठे आखायची हा वाद त्यांच्यासह संपला नाही.

१३/
रेषा पुढेही सरकत राहिली. १९७५: निलंबनापूर्वी विद्यार्थ्याला आरोप सांगून त्याची बाजू ऐकली पाहिजे. १९८५: वाजवी संशय असेल तर शाळा वॉरंटविना पिशवी तपासू शकते. १९८८: वर्गाच्या उपक्रमातून निघणाऱ्या शालेय वृत्तपत्रातला मजकूर शैक्षणिक कारणासाठी मुख्याध्यापक गाळू शकतात. कधी मुले जिंकली, कधी शाळा. 'वेळेवर या' हा नियम या कसोटीला सहज उतरतो, कारण त्याचे कारण सांगता येते. 'हे मत इथे बोलायचे नाही' हा उतरत नाही. म्हणूनच काही शिक्षक पहिल्या आठवड्यात नियमांचा मसुदाच मुलांसमोर ठेवतात, चर्चा घेतात, मतदान करतात. घटनेचे प्रकरण उघडण्याआधीच त्या वर्गाने संमती आणि मर्यादा हे दोन शब्द वापरून पाहिलेले असतात.

१४/
ही कथा भारतातही पोहोचली. १९८५ मध्ये केरळातील एका शाळेने याच पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल काढून टाकले. उच्च न्यायालयाने त्यांची दाद फेटाळली. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोबायटस आणि बार्नेट या दोन्ही निकालांचा परामर्श घेतला आणि अनुच्छेद १९ व २५ यांच्या आधारे मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत सुरू असताना ती मुले रोज आदराने उभी राहत असत. फक्त गात नसत.

१५/
शाळेत असताना पाळलेला एखादा नियम वाचकांनी आठवून पाहावा. त्यामागचे कारण कोणी सांगितले होते का? आणि विचारले असते, तर काय घडले असते?