ब्रेकमधली हवा

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात अण्णांनी चाळीसहून अधिक वर्षे काढली, परंतु ब्रेक ऑइल त्यांनी कधी सुटे विकले नाही. “पावच द्या, उरलेले घेऊन काय करू?” असे गिऱ्हाईक म्हणे आणि अण्णा सीलबंद बाटली पुढे ठेवीत. गिऱ्हाईक परत गेले तरी त्यांना त्याचे वाईट वाटत नसे. घरात सुतळीचा तुकडाही गुंडाळून ठेवायची शिस्त, खोक्यावरचा कोरा पुठ्ठासुद्धा हिशेबाला वापरायचा. मग या एकाच वस्तूबाबत अण्णा इतके उधळे कसे, हे कोडे घरच्यांना पडलेले होते.

ते सुटले नातवाच्या बग्गीमुळे. बग्गी म्हटले की आपल्याकडे अजून वरातीची घोडागाडी डोळ्यांसमोर येते. ही बग्गी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा, त्यात एकच आसन, चार जाड दातेरी चाके आणि मागे दहा अश्वशक्तीचे इंजिन. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अशी गाडी स्वतः आखून, बांधून खडकाळ व चिखलाच्या वाटेवर पळवून दाखवायची, अशी ‘बाहा’ नावाची स्पर्धा अमेरिकेत 1976 साली सुरू झाली. आपल्या देशात ती 2007 पासून इंदूरजवळच्या पीथमपूरला सुरू झाली. शेवटची शर्यत चार तासांची असते. मात्र ब्रेकची परीक्षा उतरल्याशिवाय गाडीला मैदानात पाऊलही टाकता येत नाही. गाडी वेगात आणायची, पेडल दाबायचे आणि चारही चाके एकदम जाम झाली पाहिजेत. तीन झाली तर गाडी नापास.

स्पर्धा आठ दिवसांवर आली आणि नातवाच्या चमूची गाडी नेमकी इथेच अडली. पुढची चाके जागच्या जागी थांबत, मागची फिरत राहत. पेडल पायाखाली उशीसारखे दबे. मुलांनी तीन रात्री हवा काढली, दोन बाटल्या ऑइल घातले, मागचा मास्टर सिलिंडर बदलला. वर्षभराची मेहनत आणि घरोघरच्या वडिलांकडून जमवलेले पैसे, सगळे त्या पेडलावर येऊन थांबले होते. नातू जेवायला बसला तरी त्याचा उजवा पाय पाटाखाली दाबल्यासारखा हाले. ते अण्णांनी पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये गेले.

गाडीत बसून त्यांनी पेडल एकदा दाबून धरले. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा सिलिंडरचे रबर गेले आहे. ते खाली जात नव्हते. मग त्यांनी चार-पाच वेळा भराभर दाबले, तसे ते कडक झाले; क्षणभर सोडून पुन्हा दाबले तर परत मऊ. म्हणजे आत हवा होती. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. हवा मात्र दबते आणि जोर वाटेतच खाऊन टाकते.

“हवा आम्ही काढली, अण्णा. बुडबुडा येईनासा होईपर्यंत काढली,” नातू म्हणाला.

अण्णा मागच्या बाजूला वाकले. मागे दोन चाकांना मिळून एकच डिस्क होती, गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवलेली. जागा अपुरी, म्हणून मोटारसायकलचा कॅलिपर मुलांनी उलटा फिरवून घट्ट केला होता. हवा काढायचे निपल त्यामुळे तळाशी आले होते. हवा वर चढते. ती कॅलिपरच्या माथ्यावर सुखाने बसून होती आणि मुले तीन रात्री तळातून स्वच्छ ऑइल काढीत होती. असे निपल नेहमी सर्वांत वर असावे लागते, हे कोणत्याही फिटरला ठाऊक असते. मुलांनी संगणकावर सगळे मोजले होते, एवढे मात्र राहून गेले. यात त्यांना हसण्यासारखे काही नाही. मुरलेल्या माणसाचीही अशी चूक होते.

कॅलिपर पुन्हा घडवायला वेळ नव्हता. अण्णांनी तो सोडवायला सांगितला, नळी न ताणता तारेने वर टांगवला आणि निपल आकाशाकडे केले. पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची पट्टी घातली, नाहीतर पेडल दाबताच पिस्टन बाहेर येतात. एवढे झाल्यावर त्यांनी ऑइल मागितले. नातवाने पिशवीतून अर्धी बाटली काढली. घरच्या माळ्यावरची, गेल्या पावसाळ्यात फोडलेली.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सगळे ऑइल काढून टाकायला सांगितले.

हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. झाकण उघडल्यापासून ते पाणी पीत असते आणि दिसायला मात्र तसेच राहते. डॉट 4 प्रतीचे नवे ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की ती मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. उतारावर वारंवार ब्रेक दाबून कॅलिपर तापतो, ऑइल उकळते, आत वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दबते. थंड गाडीत पेडल कडक लागते आणि गरज असते नेमकी तेव्हा पाय थेट तळाला टेकतो. अण्णांच्या उमेदीच्या काळात घाटात असा एक ट्रक गेला होता. ऑइल कुणाच्या दुकानातले होते, हे कधी कळले नाही. अण्णांनी त्यांच्या दुकानात मापाचे भांडे त्यानंतर ठेवले नाही.

नवी बाटली आली. टाकीच्या झाकणाभोवतीची माती अण्णांनी आधी पुसून घेतली. चिखलात फिरणाऱ्या गाडीत हे पहिले काम, कारण एक कण आत गेला तरी रबर ओरखडते. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवले. एक मुलगा पेडलवर, नातू आठ नंबरचा रिंग पाना घेऊन मागे, तिसरा टाकीतली पातळी सांभाळायला, कारण ती रिकामी झाली तर वरूनच हवा शिरते.

“दाब.” “दाबले.” पाना पाव फेरा सुटे, नळीतून ऑइल येई. “बंद. आता सोड.” निपल बंद झाल्याचे ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही, एवढीच अण्णांची अट. दुसऱ्याच दाबाला मोठा बुडबुडा आला आणि मुले ओरडली. अण्णांनी पान्याच्या मुठीने कॅलिपरवर हलकेच ठोकायला लावले. कोपऱ्यात चिकटलेले बारीक बुडबुडे मग सुटत राहिले. विसाव्या दाबानंतर नळी स्वच्छ झाली. कॅलिपर जागेवर बसला, पेडल दाबले तर निम्म्यावरच थांबले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच थांबले.

अण्णांनी दुकानात जाऊन नव्या बाटलीचे बिल पूर्ण किमतीने नातवाच्या नावावर लिहिले. माळ्यावरची अर्धी बाटली घसाऱ्यात धरली.

पीथमपूरहून पाचव्या दिवशी फोनवर एक छायाचित्र आले. डांबरावर चार काळ्या रेघा. सुनेने ते मोठे करून दाखवले. अण्णांनी चष्मा लावून रेघा मोजल्या आणि नातवाला फोन लावायला सांगितला.

“शर्यत कधी आहे?”

“परवा, अण्णा.”

“मग उद्या एकदा निपल पाहा. रबरी टोपी बसली आहे ना, ते पाहा. चिखल जाईल.”