चोवीस नंबरचं दुखणं

इंजिन दोन दिवसांत बसलं. गाडी रस्त्यावर यायला त्यानंतर पाच आठवडे लागले.

गाडी १९९७ ची जिप्सी किंग, मालक प्रस्तुत लेखक. या गाडीला १.३ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन होतं. २००० साली जिप्सीला एमपीएफआय मिळालं आणि ताकद ८० वर गेली. त्यामुळे जुनं इंजिन धूर ओकू लागलं, तेव्हा लेखकमहाशयांनी ते बोअरिंगला न देता कुर्ल्याच्या भंगारबाजारातून एस्टीमचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन उचललं. दोन्ही जी१३ घराण्यातली, सोयरीक जुळण्यासारखी. (आरटीओची परवानगी आणि आरसीवरचा नवा इंजिन नंबर हे पुराण वेगळं.)

इंजिनासोबत गोणीत भरून वायरिंग आलं, आणि ईसीएम, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘कॉम्प्युटर’. जुन्या इंजिनाचं विजेशी नातं ठिणगीपुरतं; पेट्रोल इंजिनावरचाच पंप ओढायचा. नव्याला पेट्रोल अडीच-तीन बार दाबानं हवं. त्यासाठी इलेक्ट्रिक पंप, पंपाला रिले, आणि रिले कधी चालू करायचा हे ठरवणार कॉम्प्युटर. त्यात एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. वायरिंगचे तीन-चार फाटे वीतभर तोकडे पडले.

पहिल्या इलेक्ट्रिशियननं ते पीळ मारून, टेप गुंडाळून वाढवले आणि टेस्ट लॅम्प घेऊन तारा टोचत सुटला. हेडलाइटच्या वायरीला ते चालतं. सेन्सरला मात्र कॉम्प्युटर ५ व्होल्ट देतो, तेही अगदी जेमतेम करंटनं. तिथे बल्ब लावला की व्होल्टेज बसतं आणि धडधाकट सेन्सर मेल्यासारखा दिसतो. अशा तऱ्हेनं दोन चांगले सेन्सर भंगारात गेले.

दुसरे काका साठीचे. त्यांनी आधी लॅम्पकडे पाहिलं, मग मालकाकडे. “साहेब, हा बल्ब घरी देव्हाऱ्यात लावा,” म्हणाले. सगळी टेप सोलून त्यांनी एकेक जोड सोल्डर केला, त्यावर स्लीव्ह चढवून गरम करून बसवली. अर्थिंगची वायर बॉडीवरून काढून, ब्लॉकवरचा गंज पॉलिश पेपरनं खरवडून तिथे आवळली. गाडी अर्ध्या सेल्फला सुरू झाली. पेढेही आले.

आणि परतताना पहिल्याच सिग्नलला बंद पडली. दुसऱ्यालाही. चालती असली की मख्खन, क्लच दाबून थांबत आली की फुस्स. थ्रॉटल बॉडी धुतली, आयडलचा व्हॉल्व्ह बदलला, पंपाचा दाब मोजला. काही नाही.

या जुन्या ईसीएमना स्कॅनर लागत नाही. ते दिव्यातून बोलतात. चक्कर मारून आल्यावर काकांनी डायग्नोसिसच्या कपलरमध्ये वायरीचा तुकडा घालून दोन पिना जोडल्या. डॅशखाली लोंबकळणारा चेक इंजिनचा दिवा लुकलुकला. दोनदा. थांबला. चारदा. पुन्हा दोनदा, चारदा. चोवीस, म्हणजे गाडीच्या वेगाचा सिग्नल नाही.

जुन्या जिप्सीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून आलेल्या केबलवर फिरतो; विजेचा त्यात संबंध नाही. कॉम्प्युटरच्या लेखी गाडी कुर्ल्यात ठेवली होती तिथेच उभी होती! मग धावती गाडी थांबत येताना आयडल सावरायला जास्तीची हवा द्यायची असते, हे त्याला कळणार कसं?

नाना पेठेत दोन दुकानं फिरल्यावर केबलवरच चालणारा, पण आत रीड स्विच असलेला मीटर मिळाला. केबलबरोबर लोहचुंबक फिरतो, स्विच उघडझाप करतो, ती टकटक एका वायरीनं कॉम्प्युटरला जाते. एवढंच काम, अर्ध्या तासाचं.

पुन्हा चक्कर, पुन्हा वायरीचा तुकडा. दिवा एकदा लुकलुकला, मग दोनदा. बारा, म्हणजे तक्रार नाही. नव्या मीटरवर कुण्या परक्या गाडीचे सव्वा लाख किलोमीटर होते. काकांनी ते वहीत टिपून घेतले आणि जुना मीटर मालकाच्या हाती ठेवला.