दात कोरडा ठेवा, प्लीज!

वडापावचा पहिला घास, आणि पुढचा दात थेट हातात!

दात म्हणजे खरा नव्हे हं, त्याच्यावरचं व्हिनिअर. शाळेत लंगडी खेळताना आपटले तेव्हा पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. पुढची वीस वर्षं मी ओठ मिटून हसले. मग मागच्या वर्षी मानधनाचे पैसे साठवून दातावर सिरॅमिकचा नखाएवढा पातळ पापुद्रा बसवून घेतला. आठ महिने दिलखुलास हसून घेतलं, आणि आता दादर स्टेशनबाहेर तोंडावर रुमाल धरून उभी! त्यात चार दिवसांवर धाकट्या बहिणीचं लग्न, करवली मी.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार फेविक्विकचाच आला. पण डॉक्टर मॅडम फोनवर ओरडल्याच, ‘काहीही लावू नकोस! डबीत घाल आणि इकडे ये.’

क्लिनिकमध्ये त्यांनी व्हिनिअर भिंगाखाली धरलं. ‘हे बघ, सिमेंट सगळं व्हिनिअरला चिकटून आलंय. दातावर काहीच नाही. म्हणजे सिरॅमिकची बाजू पक्की होती, दाताची सुटली. चिकटवताना दात ओला झाला होता.’

माझ्या डोळ्यासमोर तो दिवस आला. दाताभोवती रबर डॅमचा पडदा लावू म्हणाल्या, तर ‘गुदमरायला होतं’ म्हणून मी नको म्हटलं. कापसावर भागवलं. ऐन चिकटवायच्या वेळी फोन वाजला, आणि मी कापूस काढून बोलले, ‘हो सर, सहापर्यंत पाठवते!’ मॅडम म्हणाल्या होत्या, ‘लाळ लागली, सगळं पुन्हा करावं लागेल.’ मी म्हटलं, ‘पुसून लावून टाका हो, स्टोरी द्यायचीय.’

‘मीही तुझं ऐकायला नको होतं,’ मॅडम म्हणाल्या. ‘आज फोन बंद. आणि रबर डॅम.’

व्हिनिअरचं नशीब चांगलं, ते अखंड होतं. त्यावरचं जुनं सिमेंट साफ करून मॅडमनी हातमोजे घालून, तोंडापासून लांब टेबलावर, त्याच्या आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड लावलं. काच खाणारं अ‍ॅसिड! माझं व्हिनिअर लिथियम डायसिलिकेटचं, त्याला ५ टक्क्यांचं अ‍ॅसिड २० सेकंद पुरतं. त्यातली काच विरघळते आणि डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. मग सायलेन. हे म्हणजे लग्न जमवणारी मामी! एका हाताने सिरॅमिकला धरते, दुसऱ्याने रेझिन सिमेंटला. दोन्ही घरांत ऊठबस.

बाबांच्या दाढेवरच्या झिर्कोनियाच्या कॅपवर मात्र हे अ‍ॅसिड चालत नाही. त्यात काचच नाही ना! तिथे बारीक पावडरचा मारा करून वेगळा प्रायमर लावतात.

इकडे दातावर ३७ टक्के फॉस्फॉरिक अ‍ॅसिडची निळी जेल. दाताच्या इनॅमलला अ‍ॅसिडने खरखरीत करायची ही युक्ती अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. त्याआधी १९३० च्या दशकात हॉलिवूडचे डेंटिस्ट चार्ल्स पिंकस नटनट्यांना शूटिंगपुरती व्हिनिअर्स लावून द्यायचे. शॉट संपला की काढून ठेवायची. कायमची चिकटवायला दोन्ही बाजू तयार कराव्या लागतात, ही गोष्ट नंतरची. सिरॅमिकवरही अ‍ॅसिड वापरायची पद्धत १९८० च्या दशकात आली.

धुणं, वाळवणं, बाँडिंग. तोपर्यंत अर्धा तास उलटला होता आणि सिमेंटचा अजून पत्ताच नाही! शेवटी ते आलं, व्हिनिअर जागेवर बसलं, कडेने बाहेर आलेलं सिमेंट निघालं, दातांच्या फटीतून फ्लॉस फिरला. कडांवर ग्लिसरीनची जेल, कारण हवेतला ऑक्सिजन सिमेंटचा वरचा थर कडक होऊ देत नाही. मग निळा लाइट, पुढून आणि मागून. चिकटवायचं काम म्हणाल तर काही मिनिटांचं. बाकी सगळा वेळ चिकटण्यालायक करण्यात गेला.

बोलता येत नव्हतं, फोन बंद होता. तासभर नुसतं छताकडे बघत पडायची वेळ माझ्यावर बऱ्याच दिवसांनी आली. तेव्हा आठवलं, ज्या स्टोरीसाठी त्या दिवशी मी घाई केली, ती छापूनच आली नव्हती. त्या जागी फ्लॅटची जाहिरात आली होती!

बाहेर येऊन फोन चालू केला. सात मिस्ड कॉल. सगळे एकाच सरांचे. मी आधी बहिणीला फोन लावला.

लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. नवरीच्या मागे मी उभी आहे, कुणीतरी काहीतरी विनोद केलाय, आणि माझे सगळे दात दिसताहेत. आईने तोच फ्रेम करून घेतला.