मस्कतची खारीक

मंगल प्रसंगी सुवासिनीची ओटी भरताना नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी व बदाम ह्यांबरोबर खारीक ही लागतेच. नारळ आणि तांदूळ आपल्या मातीतले. खारकेचे झाड मात्र कोकणात कोणाच्या परसात उभे नसते. तरीही तिच्यावाचून ओटी अपुरी मानतात, ह्याचे नवल क्वचितच कोणास वाटते. गतवर्षी ज्येष्ठ-आषाढात चिरंजीवांच्या बिऱ्हाडी मस्कत येथे दोन महिने राहण्याचा योग आला, तेव्हा ही खारीक तिच्या माहेरीच पाहावयास मिळाली.

खजूर वाळला की त्याची खारीक होते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. ओमानच्या पूर्व भागात, इब्रा व बिदिया ह्या गावांच्या आसमंतात, 'मब्सली' जातीचे घड फळे पिवळीधमक होताच, मऊ पडण्यापूर्वीच उतरवतात. तांब्याच्या प्रचंड हंड्यांत पाणी खळखळत असते. त्यात ती फळे पंधरा-वीस मिनिटे शिजवतात. उष्णतेने फळाचे पिकणे थांबते आणि तुरटपणा जातो. मग ती उन्हात पसरतात. त्या उन्हाविषयी काय सांगावे! सकाळी आठ वाजता पायांत वहाणा असूनही मला भूमीवर उभे राहवेना. आठवडाभरात फळ सुरकुतून कठीण होते. ह्या सर्व क्रियेला तेथे 'तब्सील' म्हणतात. पुरुष झाडावर चढतात, बायका-मुले फळे वेचतात, आणि सारे घर कामास लागते. आपल्याकडील पापड-कुरडयांच्या दिवसांची आठवण व्हावी असाच तो थाट. गंमत अशी की, घरच्या पाहुण्यास ही खारीक कोणी देत नाही. त्यांस कॉफीबरोबर मऊ 'खलास' किंवा 'फर्द' खजूर प्रिय. उकडलेला माल बव्हंशी भारताकडे जावयाचा.

हा व्यवहार जुना आहे. मोसमी वाऱ्यांच्या आधाराने गलबते इकडे खारीक आणीत व परतताना तांदूळ, लाकूड नेत. आपला रुपयाही तेथील बाजारात चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळा रुपया काढला, तो ओमानात १९७० पर्यंत टिकला. सिंधमधील खैरपूरकडूनही पुष्कळ खारीक येत असे, परंतु २०१९ साली पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात बसली. संस्कृतातील 'खर्जूर' तर त्याहून प्राचीन. चरकाने श्रमहर द्रव्यांच्या दशकात द्राक्षाच्या पाठोपाठ त्याची गणना केली आहे.

निघण्यापूर्वी घरून याद्या आल्या. वहिनींना डिंकाच्या लाडवांसाठी आणि नातीच्या लग्नातील ओट्यांसाठी अखंड, न फुटलेली खारीक हवी होती. ती मी इब्र्याहून चार किलो घेतली. मुलांना हलवा हवा होता. तांब्याच्या कढईत पिष्ट, साखर, तूप, केशर, वेलची व गुलाबजल घालून तो दोन-दोन तास ढवळतात. काही हलवाई त्यात अंडे घालतात, म्हणून मुत्रहच्या बाजारात नीट चौकशी करूनच घेतला. दुकानदार हसला, पण त्यास राग आला नाही. असे विचारणारे त्याच्याकडे नेहमीच येत असावेत. मिठाच्या पाण्यात उकळून वाळवलेली काळी लिंबेही थोडी आणली. आमटीत एखादे टाकले तर आमसुलाची उणीव भासत नाही, असे माझे मत आहे. घरात ते अद्याप कोणास मान्य नाही.

खरा पेच पडला तो आमच्या वडील बंधूंच्या, म्हणजे दादांच्या मागणीने. गुहागरजवळच्या आमच्या नारळीच्या बागेत लावण्यासाठी त्यांना खलास खजुराचे एक पोर हवे होते. खजुराच्या बुंध्याशी अशी पोरे फुटतात, व मूळ झाडाचा गुण त्यांतूनच पुढे जातो, हे त्यांचे म्हणणे अगदी यथार्थ होते. एका बागाइतदाराने मला ते मोफत देऊ केले. ते मी घेतले नाही. २००३ च्या वनस्पती-संगरोध आदेशाप्रमाणे परवान्यावाचून असे रोप देशात आणता येत नाही, हे एक कारण. परंतु दुसरे मला अधिक मोठे वाटले. आपल्या माडांना पोखरणारा सोंड्या भुंगा मूळचा आपल्याच बाजूचा. १९८० नंतरच्या दशकात तो आखातात पोहोचला, आणि तेथील खजुरांचा त्याने फार नाश केला. त्याचा दूरचा प्रवास मुख्यतः अशाच पोरांतून होतो. अळी आत असली तरी बाहेरून काही दिसत नाही. त्याच बागेत एक झाड बाहेरून हिरवेगार होते. बागाइतदाराने बुंध्यावर थाप मारली, तो आतून पोकळ आवाज आला. दादांच्या बागेत दीडशे माड आहेत.

हे सर्व मी त्यांस सविस्तर लिहून कळवले. उत्तर आले नाही. मी परत आल्यावरही आठ दिवस ते माझ्याशी मोजकेच बोलत होते. "मास्तरांना सगळीकडे नियम दिसतात," एवढे मात्र वहिनींकडे म्हणाल्याचे कळले. त्यांच्यासाठी आणलेला दोन किलो खलास खजूर त्यांनी मुकाट्याने खाल्ला आणि बिया एका वाटीत जमवल्या. हा खजूर खाण्याचा आहे, पेरण्याचा नव्हे, बीपासून आलेली निम्मी झाडे नर निघतात, आणि कोकणच्या पावसात फळ पिकत नाही, हे मी त्यांस सांगितले. ते त्यांना ठाऊक होते. दादांचे वय ७८. त्यांनी सोळा कुंड्या भरल्या. पैकी अकरांत कोंब आले आहेत.