एडन आमच्या घरातलं

येमेनच्या पश्चिमेला तांबडा समुद्र, दक्षिणेला एडनचं आखात आणि पुढे आपला अरबी समुद्र. ही दोन पाणी जिथं मिळतात ती बाब-अल-मंदबची सामुद्रधुनी, म्हणजे आसवांचा दरवाजा. रुंदी जेमतेम ३० किलोमीटर. आम्हा रत्नागिरीच्या भावंडांना हे नाव शाळेच्या आधी घरात कळलं. नाना बोटीवर खलाशी होते आणि नानी हजला बोटीनेच गेली होती.

नानी सांगायची, बोट यलमलमच्या समोर आली की भोंगा वाजायचा आणि सगळे इहराम बांधायचे. यलमलम हा येमेनकडून येणाऱ्यांचा मीकात. समुद्राने जाणारे आपले हाजीही तोच पाळत. १९९५ नंतर मुंबईहून हजच्या बोटी बंद झाल्या. विमानाने जाणाऱ्याला तो किनारा दिसत नाही.

नानांचं एडन वेगळं. इंग्रजांनी १८३९ मध्ये ते घेतलं आणि बरीच वर्षं त्याचा कारभार मुंबईहून चालवला. १९३७ मध्ये ते हिंदुस्थानपासून तोडलं. तरी नाना गेले तेव्हा बाजारात रुपयाच चालत होता. परमुलखात आल्यासारखं वाटायचंच नाही, असं ते म्हणत. तिथला चहा दूध आणि वेलची घालून उकळलेला, आणि 'झुर्बियान' म्हणजे बिर्याणीची सख्खी बहीण. (नानीला हे मान्य नव्हतं. बिर्याणी ती बिर्याणी!)

तांबड्या समुद्राकाठची तिहामाची पट्टी मात्र उकाड्याची, दमट. तिथल्या गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या समोरच्या आफ्रिकेची आठवण देतात. मागे उंच डोंगर, पायऱ्यापायऱ्यांची शेती. तिथली कॉफी मोखा बंदरातून जगभर गेली.

आमच्या मुलांना यातलं काही माहीत नाही. त्यांना येमेन म्हणजे २०१५ पासूनची लढाई, उपासमार आणि क्षेपणास्त्रं. त्या वर्षी आपल्या नौदलाने एडन आणि हुदैदाहून माणसं सोडवून आणली. त्यात 'मुंबई' नावाची युद्धनौकाही होती. नाना असते तर त्यांनी ती बातमी दहा जणांना वाचून दाखवली असती.

परवा धाकट्या नातीने विचारलं, "तिथं अजून माणसं राहतात?" राहतात, बेटा. तीन कोटींच्या वर. हुदैदाला मचवे मासळी घेऊन येतात, आणि एडनला वेलचीचा चहा अजून उकळतो.