पर्जन्यछायेतलं गाव

लेहमध्ये पहाटे जाग येते ती पाण्याच्या आवाजाने. खिडकीखालून हातभर रुंदीचा पाट वाहत असतो. त्याच्या काठाने वाळुंजाची झाडं, पलीकडे सातूचं कोवळं शेत, आणि ती हिरवी पट्टी संपली की नजर पोचेल तिथवर उघडेबोडके, तांबूस-करडे डोंगर. सिंधूच्या पल्याड स्तोक कांगरीचं शिखर, ६,१५३ मीटर उंच. उन्हाची पहिली तिरीप त्याच्या माथ्यावर उतरते तेव्हा खालचं गाव अजून काळोखात असतं. पाटातलं पाणी मात्र पाठीमागून येतं, खारदुंग-लाच्या बाजूच्या बर्फातून. रात्री गोठलेलं उन्हाने सुटायचं आणि घराघरांच्या कुंपणापाशी येऊन खळाळायचं, हा इथला रोजचा क्रम. मी ओंजळ बुडवली तर बोटं बधिर झाली. तरी पुन्हा बुडवली.

खरं तर लेह हा वाटेवरचा थांबा होता. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून मनाली, मग बारालाचा-ला आणि तंगलांग-ला ओलांडून इथे, आणि पुढे मरखाच्या खोऱ्यात पायी, असा बेत. पण पावणेपाचशे मीटरवरचं सोलापूर सोडून साडेतीन हजार मीटरवर आलेल्या माणसाला लगेच पुढे जाता येत नाही. हवा विरळ असते. शरीराला ती मानवेपर्यंत स्वस्थ बसावं लागतं. या सक्तीच्या विश्रांतीचे मी आज उपकार मानते. शिखरांकडे धावले असते तर गाव दिसलंच नसतं.

आणि गाव ओळखीचं निघालं. पर्जन्यछाया म्हणजे काय ते आम्हा सोलापूरच्या मुलांना भूगोलाच्या बाईंनी फार समजावून सांगावं लागत नाही. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि सह्याद्री ओलांडून आमच्याकडे येईस्तोवर ढगांत त्याचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा उरतो. लेहवर हीच छाया हिमालयाची आहे. इथे तर वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपासच. एवढ्याशा पावसात शेकडो वर्षं शेतं पिकली, सतराव्या शतकात राजा सेंगे नामग्यालने नऊ मजल्यांचा राजवाडा उभारला, जर्दाळूच्या बागा वाढल्या. हे सगळं बर्फाच्या भरवशावर.

मी जिच्या घरी उतरले होते तिला सगळे आमाले म्हणत, मीही म्हणू लागले. संध्याकाळी ती फावडं घेऊन पाटाशी गेली. तोंडाशी दोन दगड, मातीसकट उपटलेला गवताचा गड्डा आणि एक जुनं पोतं एवढाच बांध. तिने पोतं ओढलं, गड्डा बाजूला सारला, आणि पाणी पाटातून वळून बटाट्याच्या वाफ्यात शिरलं. कोरड्या मातीने ते आधी गटागटा पिऊन टाकलं, मग हळूहळू ओल सरीभर पुढे सरकू लागली. ती कमरेवर हात ठेवून वाकून बघत होती. आमच्याकडे आप्पा दारं धरायला जातात तेव्हा असेच उभे असतात. वाफा भरला तसा तिने लगेच गड्डा परत लावला आणि खालच्या घराच्या दिशेने हाक दिली. पाळी आता त्यांची होती.

लडाखच्या गावांत ही पाळी सांभाळायला चुरपोन नेमतात. कुणाच्या शेतात कधी, किती वेळ पाणी जायचं ते तो बघतो. पाळी मोडली तर त्याचा शब्द चालतो. धरणं, कालवे, खाती यांच्यापेक्षा मला ही व्यवस्था मोठी वाटते, कारण तिच्यात पाणी कमी आहे हे सगळ्यांनी आधीच कबूल केलेलं असतं.

अडचण येते वसंतात. एप्रिल-मेमध्ये पेरणीला पाणी हवं असतं, पण खरी हिमनदी उंचावर, ती वितळायला जून उजाडतो. छेवांग नोरफेल या लडाखी अभियंत्याने यावर तोड काढली. थंडीत नळ गोठू नये म्हणून तो सुरू ठेवतात, ते वाया जाणारं पाणी झाडांच्या सावलीत साचून गोठलेलं त्यांनी पाहिलं. मग हिवाळ्यात नुसतंच वाहून जाणारं ओढ्याचं पाणी त्यांनी गावाजवळच्या सावलीच्या उतारावर वळवलं, दगडी बांधांमागे थोपवलं आणि थरावर थर गोठू दिलं. ठिकाण खालचं, म्हणून हा बर्फ लवकर सुटतो, नेमका पेरणीच्या वेळी. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक यांनी वरून नळाने आणलेलं पाणी कडाक्याच्या थंडीत कारंज्यासारखं उडवून बर्फाचे शंकू उभे केले. शंकूला ऊन कमी लागतं, म्हणून तो टिकतो.

हे ऐकताना मला सिद्धरामेश्वर आठवले. बाराव्या शतकात त्यांनी सोलापुरात लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला आणि आज त्याच तलावात त्यांचं मंदिर उभं आहे. गावाला पाणी देणाऱ्याला देव मानायचं, ही बुद्धी दुष्काळी मुलखाचीच. ती मला फार थोर वाटते.

कोरड्या मुलखाला पाणी कधी कधी मारतंही. ऑगस्ट २०१०च्या एका रात्री लेहवर ढगफुटी झाली आणि चिखल-दगडांच्या लोंढ्यात दोनशेहून अधिक माणसं गेली. आमची सीना नदी २०२५च्या सप्टेंबरात शेतंच्या शेतं घेऊन गेली. त्याबद्दल आम्ही दोघी फारसं बोललो नाही.

बोललो ते खाण्याबद्दल. माझ्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. आमालेने भाकरी मोडली, चुलीपाशी धरून तिचा वास घेतला आणि मला खंबीर दिली, जाड, गव्हाची, तव्यावरून नुकतीच उतरलेली. चटणीने तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी तिने दुसऱ्यांदा घेतली. अंगणातल्या कोरड्या संडासाची तिने दाखवलेली रीतही सांगायला हवी. वर माती-राख टाकायची, वर्षाने त्याचंच खत शेतात जातं, पाणी लागतच नाही. गावात आता हॉटेलं वाढली आहेत, त्यांच्या बोअर खोल चालल्या आहेत. पाठीवर पिशवी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने इथे अर्ध्या बादलीत भागवावं असं मला कळकळीने वाटतं. आमच्या घरी नळाला काही दिवसांआड पाणी येतं. आम्हाला ते जमतं.

तिने विचारलं, तुमच्या गावात बघण्यासारखं काय? मी पट्टकदंबांबद्दल सांगितलं. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले ते हंस ती लहानपणापासून ओळखत होती. लडाखच्या त्सो मोरीरीसारख्या सरोवरांकाठी, तिबेटात, मंगोलियात ते पिल्लं वाढवतात आणि थंडीत हिमालय ओलांडून दक्षिणेत उतरतात. आमच्या हिप्परग्याच्या तलावावर, उजनीच्या फुगवट्यावर ते हिवाळा काढतात. पक्षिकोश लिहिणारे मारुती चितमपल्ली सोलापूरचेच, हेही मी अभिमानाने सांगून टाकलं. ते तिला नवीन होतं. हंस सोलापूरला जातात याचं मात्र तिला इतकं कौतुक वाटलं की तिने ते शेजारणीला हाक मारून ऐकवलं. मग माझ्याकडे वळून हिशेब करायला लागली. हिवाळ्यात पाट गोठतात, शेतात काम नसतं, तेव्हा लडाखी माणसं तीर्थाला खाली उतरतातच. मी म्हटलं, आमाले, जानेवारीत या. गड्ड्याची जत्रा असते, नंदीध्वज निघतात, नव्या ज्वारीचा हुरडा असतो, आणि हंसही तेव्हा आमच्याकडेच असतात.