मांगी शिखराच्या अलीकडे

मार्गशीर्षातील एका पहाटे क्रांती चौकातील शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यास वंदन करून आम्ही 22 यात्रेकरू मांगीतुंगीस निघालो. बागलाणातील या सिद्धक्षेत्री भगवान ऋषभदेवांची 108 फुटी मूर्ती आहे. निम्म्या पायऱ्या चढलो तोच अवकाळी पावसाने गाठले. पायऱ्या निसरड्या झाल्या, शिखर धुक्यात दिसेनासे झाले. पंचाहत्तरीच्या वहिनींनी तर शिखरवंदना होईपर्यंत तुपाचा त्याग केलेला. बँकेत आयुष्यभर इतरांची जोखीम तोलली. येथे ‘परतू या’ म्हणताना मात्र माझी जीभ अडखळली.

वहिनीच म्हणाल्या, “भाऊजी, पावसात जीव उपजतात, म्हणून तर मुनी चातुर्मासात विहार करीत नाहीत. आपण का तुडवावे?”

तेथूनच भाववंदना करून आम्ही सुखरूप परतलो. वहिनींना तूप अद्याप वर्ज्यच आहे.